घरयादीत नसलेली कोपी

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : फेब्रुवारी २०२७ ची शिरगणती आणि ऊसतोडीला आलेली माणसे

महोदय,

आपल्या जनगणनेचे वेळापत्रक आणि उसाच्या हंगामाचे वेळापत्रक एकमेकांना चुकवून चालले आहे. ते वेळीच आपल्या नजरेस यावे म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे देशाच्या बहुतेक भागासाठी मोजणीचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा आहे. माणसे मोजायची ती फेब्रुवारीत. त्याआधीची घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, प्रत्येक राज्याने आपापले तीस दिवस निवडून उरकायची. या खेपेला कागद नाही, सगळे मोबाइल अ‍ॅपवर, आणि इमारतींची जागा थेट नकाशावर उमटणार. आता उसाचे पाहा. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत आमच्या धारवाड-हल्याळ-कलघटगी पट्ट्यात, बेळगाव-बागलकोटात किंवा पलीकडे सांगली-कोल्हापुरात फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, नसतात. त्या दसऱ्या-दिवाळीनंतर उभ्या राहतात, फेब्रुवारीत माणसांनी भरलेल्या असतात आणि पाडव्याच्या मागेपुढे कारखान्याचा पट्टा पडला की मोडतात. घरयादी होते तेव्हा कोपी नसते. शिरगणती होते तेव्हा कोपी असते, पण आपल्या नकाशात तिचे टिंब नसते.

मी कोण हे दोन ओळींत सांगते. मी केलगेरीत राहते. केलगेरी हे धारवाडच्या पश्चिम कडेचे, तळ्याकाठचे गाव. हुबळी-धारवाड महानगरपालिकेत कधीच सामावलेले, तरी अजून गावच. गोव्याचा रस्ता इथून जातो. मी कन्नड शाळेत शिक्षिका होते, घरात मराठी. धारवाडात हे नवल नाही. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि आमच्यासारखी कितीतरी घरे कचेरीच्या, शाळेच्या, रेल्वेच्या नोकरीपायी इथे येऊन राहिली. ज्या पेढ्यावरून जग धारवाडला ओळखते तोसुद्धा उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने आणलेला. प्लेगच्या भीतीने ते इकडे आले असे इथे सांगतात. तेव्हा स्थलांतर म्हणजे काहीतरी दूरचे, बातमीतले, असे मानायची मला सोय नाही.

शिक्षिका म्हणून जनगणनेचे काम मी केले आहे. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी कुटुंबपत्रके भरायची, २८ च्या रात्री बेघरांची मोजणी आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी, हा क्रम अजून पाठ आहे. आपली प्रश्नावली बनवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्या पत्रकात माणूस याआधी कुठे राहत होता, तिथून का आला, इथे येऊन किती काळ झाला, हे सारे विचारलेले होते. प्रश्न चांगले होते. ते कोणाला विचारले गेले आणि कोणाला नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

ऊसतोडीची टोळी कशी येते हे दिल्लीत माहीत असेलच असे नाही, म्हणून लिहिते. बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डीकडचा भाग इथून आणि कर्नाटकातल्याच विजापूर-कलबुर्गीकडूनही माणसे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्याचा अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यातच प्रत्येक कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. लग्न, दवाखाना, मागची बाकी यात ती बहुतेक संपलेली असते. मग हंगामभर ती अंगावरची उचल टनावारी फेडायची. एक दिवस काम बुडाले की खाडा, त्याचेही पैसे कापतात. पहाटे अंधारात फडात जायचे, तोडायचे, साळायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून चार पैसे सुटतात ते हातखर्चाला. बांबू, चटई आणि प्लास्टिक यांची कोपी, बाहेर तीन दगडांची चूल. लेकरे बरोबर, म्हातारी माणसे गावी. अशा माणसांची महाराष्ट्रातली संख्या दहा-बारा लाख असावी असे सगळेच म्हणतात. मोजून मात्र ती कोणी सांगितलेली नाही, आणि माझ्या मते ही गोष्ट आपल्या कार्यालयाला बोचायला हवी.

आता आपला नियम पाहू. मोजणीच्या काळात माणूस कधीही आपल्या नेहमीच्या घरी आला असेल तर तो तिथे मोजायचा. सारा काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. नियम शहाणपणाचा आहे. त्याप्रमाणे केज तालुक्यातले जोडपे अख्खा फेब्रुवारी कर्नाटकातल्या फडावर असेल तर त्याची नोंद कर्नाटकात व्हायला हवी. प्रत्यक्षात काय होईल? केजच्या वाडीवर प्रगणक जाईल तेव्हा दारात सासू बसलेली असेल. "घरात किती माणसे?" असे विचारल्यावर ती सगळ्यांची नावे सांगेल, कारण सरकारी माणसापुढे घरातले नाव गाळले तर रेशन कार्डावरून कमी होईल ही तिची भीती खरीच आहे. जिथे सासूही नाही तिथे कुलूप. आणि इकडे प्रगणकाच्या फोनवर त्याच्या प्रगणन गटाचा नकाशा उघडेल, त्यात उसाच्या शेतात काहीच दाखवलेले नसेल. शेताच्या बांधापर्यंत जायला त्याला कारणच उरणार नाही. म्हणजे काही माणसे दोनदा मोजली जातील, काही एकदाही नाही, आणि कोणती कोणत्या बाजूला गेली ते पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

कागदाच्या काळात निदान एक सोय होती. घरयादीत नसलेले घर फेब्रुवारीत दिसले तर प्रगणक ते शेवटी जोडत असे. तेव्हा नकाशा आम्ही स्वतः हाताने काढत होतो, त्यामुळे त्यात नसलेल्या गोष्टीचे आम्हाला भय वाटत नसे. अ‍ॅपने काढलेल्या नकाशाविरुद्ध जाऊन "इथे माणसे आहेत" असे म्हणायला नव्या प्रगणकाला धीर लागतो. हा धीर प्रशिक्षणात द्यावा लागेल.

यावर कोणी म्हणेल, एवढी धडपड कशाला, आता फोनच सांगतात कोण कुठे आहे. स्थलांतराच्या अभ्यासात फोनने खरोखर क्रांती केली, ते मी नाकारत नाही. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. त्यानंतर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लिनस बेंग्टसन, शिन लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिजिसेल कंपनीच्या सिमकार्डांच्या हालचालींवरून पोर्ट-ओ-प्रिन्स सोडून सुमारे सहा लाख तीस हजार माणसे गेली आणि ती कोणत्या भागांत गेली, याचा अंदाज बांधला. अन्न आणि औषधे कुठे पाठवायची हे ठरवायला असा नकाशा घरोघर जाऊन काढायला बसले असते तर महिने गेले असते. अचानक उसळलेल्या लोंढ्यासाठी ही पद्धत फार मोलाची आहे.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून राज्याराज्यांतल्या ये-जा करणाऱ्या कामगारांचा अंदाज काढला, वर्षाला नव्वद लाखांच्या घरात. डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने बिबेक देबरॉय आणि देवी प्रसाद मिश्रा यांचा लेख प्रसिद्ध केला. त्यांनी रेल्वेची तिकिटे, मोबाइलचे रोमिंग आणि बँकांमधून गावी जाणारा पैसा असे तीन धागे एकत्र विणून देशातले स्थलांतरित २०२३ साली सुमारे ४० कोटी २० लाख असल्याचे, म्हणजे २०११ पेक्षा जवळजवळ बारा टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. मी तो निष्कर्ष खोटा म्हणत नाही. एवढेच विचारते की त्या तीनही धाग्यांत आमचा कोयता कुठे अडकतो?

टोळी रेल्वेने येत नाही. मुकादमाने ठरवलेल्या ट्रकने किंवा ट्रॅक्टरने येते, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरे यांच्यासकट. बीड शहराला तर रेल्वेच मिळाली १७ सप्टेंबर २०२५ ला. रोमिंगचे म्हणाल तर बीड आणि कोल्हापूर एकाच दूरसंचार परिमंडळात मोडतात. तिथे गेलेला कोयता फोन कंपनीच्या लेखी घरीच बसलेला असतो. निपाणीच्या नाक्याच्या अलीकडे आला की रोमिंग सुरू. त्यातही जोडप्याला बहुधा एकच फोन, तो नवऱ्याच्या खिशात. बायको आणि लेकरे त्या हिशेबात आलीच नाहीत. आणि बँकेतला पैसा? बाकीच्या स्थलांतरात माणूस आधी जातो आणि पैसा मागून गावी येतो. ऊसतोडीत उलटे आहे. पैसा पावसाळ्यात आधीच गावी येऊन खर्च झालेला असतो, माणूस नंतर तो फेडायला जातो. हंगामात गावाकडे काही पाठवायला उरतच नाही. तिन्ही जाळी टाकली आणि तिन्हींतून ही लाखो माणसे निसटली. याच जाळ्यांवरून उद्या कोणी म्हणाले की देशातले स्थलांतर घटले, तर त्या घटीत यांचे काय झाले ते विचारायला हवे.

यंत्रापूर्वीही अभ्यास होतच होते. यान ब्रेमन नावाचे डच समाजशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांवर गेले. तिथे ऊस तोडायला आमच्याच खानदेशातली माणसे येत. त्यांच्या तळांवर जाऊन, मुकादमांशी आणि मजुरांशी बोलून त्यांनी उचल, मुकादम आणि कारखाना यांची साखळी उलगडली. राष्ट्रीय नमुना पाहणीनेही २००७-०८ च्या चौसष्टाव्या फेरीत अल्पकाळच्या स्थलांतराचा स्वतंत्र प्रश्न ठेवला होता: एक महिना ते सहा महिने कामासाठी बाहेर कोण राहिले? पण तो विचारायचा होता गावच्या घरी. ज्या घरातले सगळेच गेले त्या घराला कुलूप, आणि कुलूप पाहणीला उत्तर देत नाही. शिवाय हंगाम सात महिने लांबला की ती माणसे व्याख्येबाहेर.

आता मुद्द्याचे. कोप्या कुठे आहेत हे कोणालाच माहीत नसते असे समजू नका. कारखान्याला माहीत असते. शेतकऱ्याने ऊस लावला की कारखान्याचा शेतकी विभाग त्याची नोंद करतो: गट क्रमांक, क्षेत्र, लागवडीची तारीख, उसाची जात ८६०३२ आहे की दुसरी. बऱ्याच कारखान्यांत हे आता फोनवरच होते, शेताच्या कडेने फिरून क्षेत्र मोजतात, तोडणीची पाळी शेतकऱ्याला संदेशाने कळते. कोणत्या दिवशी कोणत्या फडात कोणत्या मुकादमाची कोणती टोळी आहे, तिच्यात कोयते किती, गाडी किती वाजता काट्यावर आली, हे सारे तिथल्या संगणकात असते. फडावर तोडीची चिठ्ठी देणाऱ्या स्लिपबॉयला तर ते तोंडपाठ असते. उसाच्या प्रत्येक टनाचा माग लागतो. तो तोडणाऱ्या बाईचा मात्र देशाच्या कुठल्याच वहीत पत्ता नाही.

हे जमते याचा पुरावाही आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत टोळ्या कारखान्यांवर अडकल्या. १७ एप्रिलला महाराष्ट्र सरकारने त्यांना गावी जायला परवानगी दिली तेव्हा ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे एक लाख एकतीस हजार मजूर असल्याचा आकडा पुढे आला. गरज पडली तेव्हा आकडा मिळाला. तो महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा होता. हद्दीच्या या बाजूला असलेल्यांचा त्यात समावेश नव्हता.

म्हणून पहिली विनंती अशी. जानेवारी २०२७ मध्ये साखर कारखाने असलेल्या प्रत्येक जिल्ह्याच्या जनगणना अधिकाऱ्याने त्या त्या कारखान्याकडून टोळ्यांच्या मुक्कामाची ठिकाणे मागवावीत. नावे नकोत, फक्त गाव, गट क्रमांक आणि कोयत्यांची संख्या. ती ठिकाणे प्रगणकाच्या नकाशावर आधीच टाकून ठेवावीत. प्रगणकाला तिथे जाऊन मोजणे भाग पडेल आणि पर्यवेक्षकाला पडताळा घेता येईल. कोपीत जायचे ते दिवस मावळल्यावर. दिवसा गेलात तर चुलीपाशी धाकट्याला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी भेटेल आणि कुटुंबप्रमुखाच्या जागी तिचीच उत्तरे लिहावी लागतील.

दुसरी गोष्ट बाईची. आपल्या प्रश्नावलीत स्थलांतराच्या कारणासाठी काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत असे पर्याय होते. २०११ ला स्थलांतरित स्त्रियांत सगळ्यात जास्त नोंदी लग्नाच्या झाल्या, ते ठीकच. या देशात बाई लग्नाने गाव सोडते. पण कोपीतल्या बाईला विचारले, "कशाला आलात?" तर नवराच उत्तर देतो, "माझ्याबरोबर आली." प्रगणक कुटुंबासोबत या पर्यायावर बोट ठेवतो आणि पुढे जातो. बाई निम्मा कोयता आहे. तिच्याशिवाय नवऱ्याला पूर्ण उचलच मिळत नाही. पहाटेपासून ती फडात असते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते आणि आपल्या तक्त्यात ती नवऱ्याबरोबर फिरायला आलेली असते. बायकांना थेट विचारले की काय निघते याचे उदाहरण आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी बीड जिल्ह्यात पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा नको, पाळीच्या दिवसांत कामाला खंड नको, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. तोवर ही गोष्ट गावोगाव ठाऊक होती आणि सरकारदरबारी नव्हती. अ‍ॅपमध्ये एवढे करता येईल: विवाहित स्त्रीसाठी कुटुंबासोबत हे कारण निवडले की पुढचा पडदा आपोआप विचारेल, "इथे येऊन त्या स्वतः काम करतात का? कोणते?" कागदाला हे जमत नव्हते. यंत्राला जमते. यंत्र आणलेच आहे तर त्याच्याकडून हे काम करून घ्या.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण लिहायलाच हवी. या खेपेला सर्व जातींची नोंद होणार आहे. प्रगणकाजवळ अनुसूचित जाती-जमातींची जी यादी असते ती मोजणी होते त्या राज्याची. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. वडारांचेही तसेच, तिकडे विमुक्त, इकडे भोवी म्हणून अनुसूचित जातींच्या यादीत. बीडच्या तांड्यावरचे बंजारा कुटुंब फेब्रुवारीत धारवाड जिल्ह्यातल्या कोपीत मोजले गेले तर ते कोणत्या रकान्यात पडेल? राहतात महाराष्ट्रात, मत तिथे, दाखला तिथला. एक कुटुंब असते तर मी हे लिहिले नसते. तांडेच्या तांडे हंगामाला हद्द ओलांडतात, तेव्हा दोन्ही राज्यांच्या आकड्यांत फरक पडतो आणि त्या आकड्यांवर पुढे कोणाकोणाचे हक्क मोजले जाणार आहेत. याचे उत्तर प्रगणकाच्या मर्जीवर सोडू नका. सूचनापुस्तिकेत एक परिच्छेद घाला.

सीमाभागात राहणाऱ्यांना आकड्यांचे वजन चांगले कळते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला, त्यात कोणत्या गावात कोणती भाषा बोलणारे किती टक्के, हा हिशेब मोठा होता. साठ वर्षे दोन्ही बाजू ते टक्के घोकत आहेत. त्या सगळ्या भांडणात दरवर्षी पाच-सहा महिने इकडे मराठी बोलत राहणारे आणि पाडव्याला निघून जाणारे लोक कोणाच्याच खिजगणतीत नव्हते. त्यांच्या नावाने कोणाला गाव मिळणार नव्हते ना!

आता उलट बाजू. माणसाचा माग ठेवायचे म्हटले की मला भीतीही वाटते, आणि तिला कारण आमच्या जुळ्या शहरातच आहे. हुबळीत सेटलमेंट नावाची वस्ती आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या वसाहती झाल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणात झाली, तशीच ही हुबळीची. फिरणाऱ्या जमाती एका जागी डांबायच्या, रोज हजेरी घ्यायची, बाहेर जायला परवाना. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही घेता येऊ लागले. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा देशभर रद्द झाला, वस्तीचे नाव मात्र राहिले. फिरत्या माणसाची नोंद सरकारने या देशात फार पूर्वीपासून ठेवली आहे. ती त्याला धान्य मिळावे म्हणून क्वचितच ठेवली, एवढाच इतिहास.

म्हणून जनगणना आणि बाकीची पोर्टले यांतला पडदा आपण जपलाच पाहिजे. जनगणना अधिनियम १९४८ चे कलम १५ सांगते की या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. ते कलम मला प्रशिक्षणात समजावले होते आणि दारोदार मी ते लोकांना सांगत असे. लोक त्यावर विश्वास ठेवत. ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, त्यात तीस कोटींहून अधिक नावे आहेत, आधारशी जोडलेली. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतर करणाऱ्या गरोदर बायका आणि बालके यांचा माग ठेवणारी प्रणाली काही जिल्ह्यांत चालवून पाहिली. हेतू असा की मूल जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला आहार मिळावा. एक देश एक रेशन कार्डही झाले. ही सारी नावानिशी चालणारी कामे आहेत आणि ती तशीच चालायला हवीत, कारण धान्य नावावरच मिळते. जनगणनेचा आकडा बिननावी राहायला हवा, कारण कोपीतला माणूस मुकादमाच्या, कारखान्याच्या, पोलिसांच्या भीतीशिवाय खरे बोलेल तो याच भरवशावर. वर मी कारखान्यांकडून ठिकाणे मागवा म्हटले, त्याची उलटी वाट कधी उघडू नये. प्रगणकाच्या फोनमधले एक अक्षरही कारखान्याकडे जाता कामा नये. उचल बुडवून पळालेल्या कोयत्याचा शोध मुकादम कसा घेतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

भाषेचेही तसेच साधे पण अडणारे काम आहे. आमच्याकडचा प्रगणक कन्नड बोलणार, समोरची बाई मराठी, कधी बंजारांची गोरमाटी. तो विचारणार "ऊर याव्दु?", म्हणजे गाव कोणते, ती त्याच्या तोंडाकडे पाहणार, आणि मुकादम पुढे होऊन दुभाष्या बनणार. मग उत्तरे मुकादमाची. कारखाने असलेल्या सीमेवरच्या तालुक्यांत मराठी येणारा एक माणूस प्रत्येक पर्यवेक्षकाच्या हाताशी द्यावा. सांगली-कोल्हापुरात कन्नड येणारा द्यावा, कारण तिकडे आमच्या विजापूरकडची माणसे जातात. (गोरमाटीबद्दल एक जाता जाता: आपल्या भाषेच्या तक्त्यांत ती लमाणी या नावाने हिंदीच्या पोटात टाकलेली असते. तांड्यावरच्या कोणालाही विचारा, तो हसेल.)

आणि शेवटी तक्त्यांबद्दल. २०११ ला आम्ही स्थलांतराची माहिती घरोघर जाऊन गोळा केली. त्याचे सविस्तर तक्ते बाहेर येईपर्यंत २०१९ उजाडले. तोवर त्या माहितीतली मुले शाळा सोडून स्वतः कोयता धरायला लागली होती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकलेली जनगणना २०२१ ला चुकली, त्यामुळे या खेपेचा आकडा सोळा वर्षांनी येतोय. आता टंकायचे नाही, कागद यंत्रात घालायचे नाहीत. मग स्थलांतराचे तक्ते पहिल्याच वर्षी का येऊ नयेत? ते जिल्ह्यापाशी थांबवू नका, तालुक्यापर्यंत द्या. बीड जिल्ह्यातून किती गेले यापेक्षा धारूरमधून, वडवणीतून किती गेले आणि ते हल्याळला गेले की अथणीला, हे कळले तर मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा कुठे उघडायची आणि कोणत्या भाषेत, हे ठरवता येते. एकेका कुटुंबाची ओळख पटेल इतके बारीक आकडे द्या असे माझे म्हणणे नाही, तालुका पुरे.

यातली कोणतीही मागणी नवा कायदा मागत नाही, नवे यंत्रही नाही. एक परिपत्रक, सूचनापुस्तिकेत दोन परिच्छेद, अ‍ॅपमध्ये एक जादा प्रश्न आणि जानेवारीत कारखान्यांना एक पत्र, एवढ्यात भागते.

केलगेरीच्या पश्चिमेकडच्या उसाच्या पट्ट्यात फेब्रुवारीत मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्या माणसाची गरज लागली आणि निवृत्त माणसाला हे काम देणे नियमात बसत असले, तर तसे धारवाडच्या तहसीलदार कचेरीला कळवावे. संध्याकाळी फडावर जायची माझी तयारी आहे. माझ्याबरोबर येतील अशा आणखी दोघी निवृत्त शिक्षिकाही आहेत.

आपली,
केलगेरी, धारवाड येथील एक माजी प्रगणक